शिव, क्रूस आणि पुन्हा शिव

उत्तर थायलंडमधलं चिआंग माई बघायला आपल्याकडची माणसं हल्ली हौसेनं जातात. जुनी देवळं, डोंगर, बो सांगच्या कागदी छत्र्या... सगळं एका फेरीत. राजा मंगराईनं १२९६ मध्ये वसवलेल्या या शहरावर १५५८ पासून दोनशेहून जास्त वर्षं ब्रह्मदेशाचा अंमल होता. पण नवे राज्यकर्तेही बौद्धच, त्यामुळे देवळातला बुद्ध तोच राहिला.

आमच्या दहिसरला लागून असलेल्या मंडपेश्वरचं तसं झालं नाही. हे साधारण सहाव्या शतकातलं शिवाचं लेणं. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, फ्रान्सिस्कन पाद्री आले आणि लेण्याचं चर्च झालं. वर त्यांनी बांधलेल्या इमारतीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. पुढे कधीतरी शिव परत आला. आज आत पिंडीची पूजा होते, झिजलेला नटराज आहे, आणि एका भिंतीवर दगडात कोरलेला भलामोठा क्रूसही आहे.

तो क्रूस बघून काहींना राग येतो. मला वाटतं, तो राहू द्यावा. तो तासून टाकला म्हणजे त्याखालचं शिल्प थोडंच परत येणार आहे? उलट दोनशे वर्षांचा पुरावा तेवढा जाईल. छिन्नी चालवणाऱ्या हातांनी दोन्ही वेळा कामच केलं. हुकूम वेगवेगळ्यांचे होते.

जवळूनच तुळशीच्या डोंगरातून येणारी दहिसर नदी वाहते. तिला मात्र आपण सगळ्यांनी मिळून नाला केलंय. त्यासाठी कुठल्या परक्या राज्याची गरज पडली नाही!

चिआंग माईला जरूर जा. त्याआधी एक रविवार मंडपेश्वरला द्या.