फेरीवाल्याची वंशावळ

इंग्लंडमधील सरदार घराण्यांच्या वंशावळी मला कधीच फारशा मोहवू शकल्या नाहीत. मी शोधीत राहिलो तो पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी सुया, फिती व चोपड्या विकणारा दरिद्री फेरीवाला. ना शेत, ना घर, ना मृत्युपत्र करावे एवढी मालमत्ता! १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद होऊ लागली खरी; परंतु एका गावी जन्म आणि तिसऱ्याच गावी विवाह, अशा माणसाचा धागा तेथे तुटतो. १६९७ च्या कायद्याने परवान्यासाठी वर्षाला ४ पौंड मागितले. गरिबाने ते आणावेत कोठून?

तो सापडतो वेगळ्याच दप्तरात. १६६२ च्या कायद्यान्वये निराधाराचा भार त्याच्या हक्काच्या गावावर असे. फेरीवाला परगावी आजारी पडला, की दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर त्याची जबानी होई: जन्म कोठला, उमेदवारी कोणाकडे केली, लग्न कोठे झाले, मुले किती व केवढी. त्याच्या पोषणाचा खर्च टळावा, त्याला गावाबाहेर धाडता यावे, एवढ्याचसाठी केलेला हा कागद. पुष्कळदा सहीच्या जागी नुसती फुली. त्या घराण्याचा सलग वृत्तान्त बहुधा तेवढाच उरतो. पुढे १८५१ च्या शिरगणतीत प्रत्येकाचे जन्मगाव लिहिले जाऊ लागले, तेव्हा कोठे त्याच्या नातवंडांचा माग काढणे सोपे झाले.