४ ऑक्टोबर : मिरचीपासून नोबेलपर्यंत

२०२१ साली आजच्या दिवशी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या अमेरिकी शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. उष्णता आणि स्पर्श मज्जातंतूंना कळतात कसे, याचा छडा त्यांनी लावला.

ज्युलियस यांनी वाट धरली ती मिरचीची. तिच्यातील कॅप्सेसिनने आग होते हे ठाऊक होते, कशी ते नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोतील त्यांच्या प्रयोगशाळेला १९९७ मध्ये ते ओळखणारे प्रथिन सापडले. गंमत म्हणजे, सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही तेच टिपते! ठेच्याचा झणका आणि उकळत्या चहाचा चटका, दोन्हींची वर्दी एकाच दारातून जाते. ते दार बंद करणारे वेदनाशामक मात्र सहजी जमले नाही. चाचण्यांत रुग्णांच्या अंगात ताप चढू लागला.

पटापूटियन मूळचे बैरुतचे आर्मेनियन. यादवीने होरपळलेले लेबनॉन सोडून ते तरुणपणी लॉस एंजेलिसला आले. त्यांची कसोटी चिकाटीची होती. पेशीला बारीक काचनळीने दाबले की वीजप्रवाह उमटे. मग ७२ संशयित जनुके एकेक करून बंद करत गेले. प्रवाह थांबला तो यादीच्या अगदी शेवटी. २०१० मध्ये ‘पिएझो’ प्रथिने जगापुढे आली. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते, ते त्यांतल्याच एकामुळे.

नोबेल समितीचा फोन आला तेव्हा पटापूटियन यांचा फोन मूक होता. बातमी पोचली ती त्यांच्या ९४ वर्षांच्या वडिलांमार्फत.