टाटा कन्सल्टन्सीची पहिली कसोटी

जालना जिल्ह्यांत अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यांत यंत्रें बदललीं, तरी गाळावयाचा ऊस तोच राहतो. संगणकाच्या धंद्यांत मात्र यंत्र पालटलें कीं कारागिराची विद्याच वायां जाण्याचें भय असतें. मुंबईस १९६८ सालीं निघालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसवर हा प्रसंग लवकरच ओढवला. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळें, आज्ञावलींची निर्यात करण्याच्या अटीवर फकीरचंद कोहली यांनीं अमेरिकेच्या बरोज कंपनीचा संगणक आणविला. १९७४ सालीं त्याच बरोजकरितां एका रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली रूपांतरित करून देण्यांत आली, आणि तीही आयसीएल या दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावर!

पुढें १९७७ च्या सुमारास टाटा व बरोज यांची निराळी भागीदारी निघाली व हें थोर गिऱ्हाईक हातचें गेलें. परंतु एका यंत्राची भाषा दुसऱ्यास समजावून देण्याची हातोटी गेली नव्हती. तिच्याच बळावर कंपनीनें आयबीएमचीं यंत्रें आत्मसात केलीं, आणि १९८१ सालीं पुण्यास संशोधन केंद्र काढलें.

नव्वदीच्या दशकांत तीच हातोटी कामास आली. जुन्या आज्ञावलींत सालाचे दोनच अंक मांडलेले असल्यानें २००० साल उजाडतांच हिशेब चुकणार होते. दुरुस्तीचें काम अमाप मिळालें. मात्र त्याची अखेरची तिथि पंचांगांतच छापलेली होती.