तीनशे चौसष्ट दिवसांचा विमा

४ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका उद्घोषणेवर सही केली. क्रमांक ९९४५. पुण्यात तेव्हा नवरात्र चालू होतं. उद्घोषणेचा मथळा लांबलचक होता, मतलब थोडक्यात असा: अमेरिकेत कायमचं राहायला येणाऱ्या माणसाने व्हिसाच्या खिडकीवर दाखवून द्यायचं की, देशात पाऊल ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत माझा आरोग्य विमा सुरू होईल, किंवा नजीकचा दवाखान्याचा खर्च भागेल इतका पैसा माझ्याकडे आहे. ते जमलं नाही तर व्हिसा नाही. अंमल ३ नोव्हेंबरपासून, म्हणजे भाऊबीज होऊन पाच दिवसांनी.

शनिवार पेठेत ही बातमी व्हॉट्सॲपवरून आली, आणि आली ती अर्धवट. 'आता आईवडिलांना ग्रीन कार्ड बंद' इथपासून 'पन्नास लाख बँकेत दाखवावे लागणार' इथपर्यंत. मेहुणपुऱ्यापासून ओंकारेश्वरापर्यंत चालत गेलात तर ज्यांची मुलं न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात आहेत अशी चार-दोन घरं मी सहज दाखवीन. मी शिकलो इतिहास, पण पेठेतली माझी खरी ओळख 'ऑनलाइन फॉर्म भरून देणारा' अशी आहे. त्यामुळे लोक माझ्याकडे आले. ती उद्घोषणा मी दोनदा वाचली. मग हे खूळ आलं कुठून याचा शोध घेत मागे मागे गेलो, तो थेट १८८२ सालापर्यंत.

त्या वर्षी ३ ऑगस्टला अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या सगळ्यांसाठीचा पहिला मोठा कायदा केला. जहाजावरचा जो प्रवासी स्वतःला सांभाळू शकणार नाही, सरकारवर भार होईल, त्याला उतरू द्यायचं नाही, असं त्यात कलम होतं. 'सरकारवर भार' हे दोन शब्द पुढे १४० वर्षं टिकले. २०१९ ची विम्याची अट हा त्यांचाच नातू.

पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती हल्ली कुणी सांगत नाही. प्रत्येक परदेशी प्रवाशामागे जहाजवाल्याने ५० सेंट भरायचे. त्या पैशांचा निधी करायचा आणि त्यातून नव्याने आलेल्यांची देखभाल करायची, कुणी अडचणीत सापडला तर त्याला मदत द्यायची. म्हणजे भार होईल अशा माणसाला अडवायचंही, आणि आलेल्यांपैकी कुणी आजारी पडणारच हे धरून सगळ्यांकडून थोडे थोडे पैसे घेऊनही ठेवायचे. विमा याहून वेगळा काय असतो?

कायदा झाल्यावर दहा महिन्यांनी, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. त्या शिकायला आल्या होत्या, स्थायिक व्हायला नाही. पण त्यांची पाठराखण करणारी जी व्यक्ती अमेरिकेत होती तिला आजच्या भाषेत आपण 'स्पॉन्सर'च म्हटलं असतं. थिओडिशिया कार्पेंटर, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना एका मिशनरी मासिकात त्यांनी गोपाळरावांचं पत्रव्यवहाराचं प्रकरण वाचलं आणि अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. कार्पेंटरबाईंकडे उत्पन्नाचा दाखला मागणारा कायदा तेव्हा नव्हता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांची तब्येत ढासळत गेली. मार्च १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. बाईंनी त्या पकिप्सी गावातल्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. आजही तिथे दगड आहे.

(आमच्या पेठेत 'स्पॉन्सर' म्हणजे गणपतीच्या कमानीवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं तो. पण हे विषयांतर झालं.)

१८९१ मध्ये कलमाचे शब्द बदलले. 'भार होईल' ऐवजी 'भार होण्याची शक्यता' आली. शक्यता कशी मोजणार? अधिकाऱ्याच्या नजरेने. १९१० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या हिंदी मजुरांना परत पाठवायला हेच कलम वापरलं गेलं. धट्टेकट्टे पंजाबी शेतकरी होते ते. पण यांच्याबद्दल इथे इतका राग आहे की यांना कुणी काम देणार नाही, म्हणून हे भार होतील, असा युक्तिवाद. आधी द्वेष करायचा आणि मग त्या द्वेषाचा पुरावा म्हणून माणसालाच उभं करायचं. त्याच काळात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि तिथल्या लाकूड गिरण्यांमधल्या हिंदी कामगारांत उठबस करत होते.

ऑरेगनचं नाव लक्षात ठेवा. काही रशियन मजुरांना न्यूयॉर्कच्या बंदरात अडवलं गेलं. कारण दिलं ते असं: तुम्ही ऑरेगनमधल्या पोर्टलंडला चाललात, तिथे सध्या कामं नाहीत, म्हणजे तुम्ही भार होणार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९१५ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी अधिकाऱ्यांना चूक ठरवलं. माणसाच्या स्वतःच्या परिस्थितीवरून ठरवा, एखाद्या शहरातल्या बाजारभावावरून नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

तरी कलम राहिलंच. १९३० च्या सप्टेंबरात, मंदी सुरू झाल्यावर, अध्यक्ष हूवर यांनी परदेशातल्या वकिलातींना ते कडक लावायला सांगितलं. कायदा बदलला नाही, आकडा बदलला नाही, फक्त खिडकीपलीकडचा माणूस कडक झाला आणि येणाऱ्यांची संख्या कोसळली. 'आमच्या नातेवाइकाचा खर्च आम्ही करू' असं अमेरिकेतल्या माणसाने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची पद्धत या काळात महत्त्वाची झाली. जर्मनीतून जीव वाचवून पळू पाहणाऱ्या ज्यूंसाठी अमेरिकेतला एखादा चुलता आणि त्याचा कागद यावर सगळं अवलंबून होतं. ज्यांना चुलता नव्हता त्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याला मात्र तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला दारच बंद केलं होतं. १९४६ मध्ये वर्षाला १०० जणांची फट उघडली. खरं दार उघडलं ते १९६५ मध्ये. नागरिक झालेल्या मुलाच्या आईवडिलांना संख्येची मर्यादा नाही, हे त्या कायद्याने ठरवलं. आज पेठेतल्या आजी-आजोबांच्या फायली हलतात त्या या एका तरतुदीवर.

प्रतिज्ञापत्र मात्र १९९६ पर्यंत तसं दुबळंच होतं. न्यायालयं त्याला नैतिक बंधन म्हणत. मुलाने पुढे खर्च केला नाही तर वसुली होत नसे. १९९६ च्या कायद्याने ते करार बनवलं. फॉर्म आय-८६४, लागू १९ डिसेंबर १९९७ पासून. मुलाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं, आणि आईने गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली तर सरकार मुलाकडून वसूल करू शकतं. ही जबाबदारी आई नागरिक होईपर्यंत, तिची साधारण दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत, ती देश कायमचा सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत. सत्तरीची आई नोकरी करणार नाही, म्हणजे उरले तीनच मार्ग. त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने नव्या ग्रीन कार्डवाल्यांना गरिबांसाठीच्या मेडिकेडपासून बहुतेक बाबतीत पाच वर्षं दूर ठेवलं. वृद्धांसाठीचं मेडिकेअरही तिथे कधी नोकरी न केलेल्याला पाच वर्षं राहिल्यावरच, आणि तेही विकत.

मग त्या पाच वर्षांत आई आजारी पडली तर? मुलाच्या नोकरीवरच्या विम्यात बायको-मुलं बसतात, आईवडील सहसा बसत नाहीत. उरतो २०१० च्या ओबामांच्या कायद्यानंतर सुरू झालेला विम्याचा बाजार. तिथे आधीचा आजार आहे म्हणून कुणाला नाकारता येत नाही, आणि उत्पन्न कमी असेल तर हप्त्यात सरकारी सवलत मिळते. व्यवस्था निघाली होती म्हणा ना.

आता पुन्हा २०१९ ची उद्घोषणा काढून बघा. कुठला विमा चालेल याची यादी त्यात आहे. सवलतीचा विमा चालणार नाही. प्रौढांना मेडिकेड चालणार नाही. पण किमान ३६४ दिवसांचा अल्पमुदतीचा किंवा पाहुण्यांसाठीचा विमा चालेल! हे विमे स्वस्त असतात, कारण त्यांत आधीपासूनचे आजार सहसा धरलेलेच नसतात. म्हणजे ज्या विम्यात आईचा मधुमेह बसतो तो नापास, आणि ज्यात बसत नाही तो पास. दवाखान्यांवर न भरलेल्या बिलांचा बोजा पडतो, ही उद्घोषणेतली तक्रार खोटी नव्हती. तिकडची एका रात्रीची बिलं मी पाहिली आहेत. पण बोजा कमी करायचाच होता तर यादी उलटी हवी होती.

आईवडिलांना त्यात अर्धी सूट होती. त्यांच्या उपचाराचा मोठा भार पडणार नाही अशी अधिकाऱ्याची 'खात्री' पटवली तर अट लागू नाही. खात्री कशाने पटते, ते लिहिलेलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या काकूंची फाइल नेमकी तेव्हा मुलाखतीच्या टप्प्यावर आली होती. निवृत्त शिक्षिका, साखरेची गोळी चालू, मेडिक्लेम नाही. "अरे, पण विमा कशाला? नंदू आहे ना," त्या मला म्हणाल्या. (नाव बदललंय.) हे ऐकून हसू नका. आपल्याकडे मेडिक्लेम आला १९८६ मध्ये, तोवर विम्याच्या सगळ्या कंपन्या सरकारीच होत्या. खासगी कंपन्या २००० नंतरच्या. काकूंच्या पिढीने तरुणपणी आयुर्विम्याची पॉलिसी घेतली, कारण तो एजंट घरी यायचा. आजारपणाचा विमा म्हणजे भाऊ, दीर, शाळेची पतपेढी आणि ओळखीचा डॉक्टर. तो चाललाही बऱ्यापैकी. साठी उलटल्यावर नवीन पॉलिसी मागायला गेलं की वय आडवं यायचं. ६५ नंतर पॉलिसी नाकारण्याची वाट विमा नियामकाने बंद केली ती थेट एप्रिल २०२४ मध्ये. आणि समजा असती पॉलिसी, तरी आपला साधा मेडिक्लेम भारतातल्या दवाखान्यापुरता.

नंदूने तिकडून ३६४ दिवसांच्या विम्याची दरपत्रकं पाठवली. मी ती अप्पा बळवंत चौकात छापून आणली. काकूंनी चष्मा लावून 'आधीचे आजार वगळून' ही ओळ वाचली आणि विचारलं, "मग हे पैसे कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही.

'मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट' या वॉशिंग्टनच्या संस्थेने तेव्हा अंदाज दिला होता की या अटीने वर्षाला ३ लाख ७५ हजार माणसं अडकू शकतील. ३० ऑक्टोबरला सात अमेरिकन नागरिक आणि एक संस्था न्यायालयात गेली. ते न्यायालय पोर्टलंडचं, ऑरेगनमधलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जिथे काम नाही म्हणून रशियन मजुरांना अडवलं होतं तेच शहर. २ नोव्हेंबरला, शनिवारी, अट लागू व्हायच्या आदल्या दिवशी न्यायाधीश मायकेल सायमन यांनी तात्पुरती स्थगिती दिली, आणि २६ तारखेला ती पुढे चालू ठेवली.

काकूंना वाटलं सुटलो. मार्च २०२० मध्ये करोनाने व्हिसाच्या खिडक्याच बंद झाल्या. एप्रिलमध्ये नवी उद्घोषणा आली. तिने नागरिकांच्या बायका-नवऱ्यांना वगळलं, आईवडिलांना नाही. ३१ डिसेंबर २०२० ला वरच्या न्यायालयाने पोर्टलंडची स्थगिती उलटवली. एप्रिलचा हुकूम बायडन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला आणि विम्याची उद्घोषणा १४ मे २०२१ ला. थोडक्यात, ९९४५ प्रत्यक्षात कधी लागू झालीच नाही. पण लोकांनी विमे शोधले, मुलाखती पुढे ढकलल्या, काहींनी नाद सोडून दिला. याची नोंद कुठल्याही निकालपत्रात नाही.

कॅनडाने हाच प्रश्न वेगळा सोडवला आहे. डिसेंबर २०११ पासून आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' आहे. त्याला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा विमा आधी दाखवावा लागतो. तो कायमचा परवाना नाही, महाग आहे, पण आकडा छापलेला आहे. काय आणायचं ते माणसाला कळतं.

काकूंची मुलाखत शेवटी २०२२ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. दरपत्रकं आम्ही जुनी का होईना, फाइलमध्ये ठेवली होती. अधिकाऱ्याने मुलाची जन्मतारीख विचारली, याआधी अमेरिकेला कितीदा गेलात ते विचारलं, आय-८६४ चाळला. विम्याचं नावही काढलं नाही. हल्ली वर्षातले सात महिने त्या तिकडे असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की अर्जदाराचा मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा 'भार होण्याची शक्यता' ठरवताना धरा, अशी सूचना वकिलातींना गेली आहे. पेठेतून लगेच फोन सुरू झाले. सध्या माझ्याकडे दोन नव्या फायली आहेत, आणि दोन्हींत शुगरचे रिपोर्ट आहेत.