पर्यावरणविद्येची अनेक दारे

एखाद्या मोठ्या विद्यापीठाचे माहितीपत्रक आज उघडले, तर ‘पर्यावरण’ हा शब्द कोणत्याही एका पानावर स्थिर राहिलेला दिसत नाही. विज्ञान शाखेत पर्यावरणशास्त्र आहे, अभियांत्रिकीत पर्यावरण अभियांत्रिकी आहे, विधी शाखेत पर्यावरणविषयक कायदा आहे. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांनीही आपापल्या अभ्यासक्रमांत त्याला जागा दिली आहे, आणि कृषी विद्यापीठांत वनविद्येची पदवी मिळते. नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की यांतले खरे पर्यावरण कोणते? हा गोंधळ माहितीपत्रक लिहिणाऱ्यांनी निर्माण केलेला नाही. त्याच्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. ही विद्या आपल्या देशात एका दाराने आली नाही. अनेक दारांनी आली. आणि जी विद्या ज्या दाराने आली, त्या दारातून दिसेल तेवढेच जग ती पुष्कळ काळ पाहत राहिली.

पहिले दार जंगलाचे. आधी जहाजबांधणीसाठी आणि पुढे लोहमार्गांच्या स्लीपरांसाठी हिंदुस्थानातील सागवान, साल, देवदार यांची अफाट तोड झाली. जंगल सरेल या भीतीने सरकारने डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञास पाचारण केले आणि १८६४ साली त्यास देशाचा पहिला वनमहानिरीक्षक नेमले. त्याच्याच पुढाकाराने १८७८ साली डेहराडून येथे वनविद्येची शाळा उघडली. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शिक्षण मात्र परदेशातच होई; प्रथम फ्रान्स-जर्मनीत, १८८५ पासून इंग्लंडातील कूपर्स हिल येथे आणि १९०५ पासून ऑक्सफर्डला. ही विद्या शास्त्रशुद्ध होती यात शंका नाही. झाड किती वर्षांत किती वाढते, त्यातले किती तोडले असता जंगल टिकते, याचा हिशेब तिने प्रथमच नीट मांडला.

परंतु ज्या १८७८ साली ही शाळा निघाली, त्याच साली नवा वनकायदाही झाला. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या रानात गुरे चारणारा, सरपण वेचणारा माणूस त्या सीमेबाहेर उभा राहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याची गायराने कशी हिरावून घेतली, याचा जळजळीत पाढा वाचला आहे. वनविद्येला झाड दिसले, पण झाडाखालचा माणूस दिसला नाही. त्या चुकीची किंमत देश पुढे शंभर वर्षे मोजत राहिला.

दुसरे दार मुंबईत उघडले, आणि तेही अनपेक्षित रीतीने. मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राच्या प्राध्यापकपदी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताची नेमणूक केली. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. टी. एच. हक्सले यांचे ते विद्यार्थी. डंडी येथे त्यांनी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकविले होते. वनस्पतींच्या अध्यापकास समाजशास्त्र शिकवावयास बसवावे, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटली असेल. गेडिस यांच्या दृष्टीने मात्र त्यात विसंगती नव्हती. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारी एखादी नदीची खोरी त्यांनी मनाशी धरली. वर खाण कामगार व लाकूडतोडे, मध्ये धनगर व शेतकरी, खाली कोळी. जमीन बदलते तसा धंदा बदलतो आणि धंद्याबरोबर समाजही बदलतो, हे त्यांनी एका चित्रात दाखविले.

ही केवळ वर्गातली चर्चा नव्हती. होळकरांच्या इंदूरची नगररचना तपासावयास गेडिस गेले, तेव्हा शहरावर प्लेगचे सावट होते. त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक योजिली. तीत प्लेगचे वाहन जो उंदीर, त्याची भव्य प्रतिमा होती. जे रस्ते लोकांनी अधिक स्वच्छ केले असतील, त्यांवरूनच मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर करण्यात आले. परिणामी जे काम हुकुमाने होत नव्हते, ते उत्सवाने झाले. शहराचा त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. १९२४ मध्ये गेडिस मुंबई सोडून गेले. लखनौ विद्यापीठात राधाकमल मुखर्जी यांनी समाज आणि निसर्ग यांच्या संबंधांचा अभ्यास पुढे चालविला खरा. पण देशातील बहुतेक विद्यापीठांत निसर्ग विज्ञानाच्या इमारतीत राहिला आणि समाज कलाशाखेच्या.

स्वातंत्र्यानंतर आणखी दोन दारे उघडली. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात रामदेव मिश्र यांनी परिस्थितिविज्ञानाचे अध्यापन रुजविले. १९३७ साली लीड्स येथे डॉक्टरेट मिळवून आलेल्या या अध्यापकाने वनस्पतींची नुसती नावे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना गवताचे, मातीचे आणि पाण्याचे मोजमाप करावयास शिकविले. इकडे नागपूर येथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. पिण्याचे पाणी शुद्ध कसे करावे, सांडपाण्याची वाट कशी लावावी, हा तिचा विषय. १९७२ साली स्टॉकहोम येथे जागतिक परिषद भरली. १९७४ साली आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा झाला. आणि त्याच साली नागपूरच्या संस्थेच्या नावात ‘पर्यावरण’ हा शब्द आला. कालपर्यंत जे आरोग्याचे काम होते, ते आज पर्यावरणाचे झाले. काम पुष्कळसे तेच होते. पाहण्याचा आवाका मात्र वाढला होता.

या वेगवेगळ्या दारांनी आलेली माणसे एका दालनात बसली तर काय घडते, याचा दाखला केरळात मिळाला. सायलेंट व्हॅली या सदाहरित अरण्यात जलविद्युत्‌प्रकल्प उभारण्याचे घाटत होते. वाद सुरू झाला तो वीज हवी की जंगल हवे, असा. तेव्हा केरळ शास्त्र साहित्य परिषदेने एक अहवाल तयार करविला. तो लिहिणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ होता, अभियंते होते, कृषितज्ज्ञ होता आणि अर्थशास्त्रज्ञही होता. त्यामुळे जंगलाच्या मोलाबरोबरच विजेची गरज कशी भागेल, याचाही विचार त्यात झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ एकटा बोलला असता तर त्याला भावनाप्रधान ठरविणे सोपे होते. विजेचा हिशेब अभियंत्यानेच मांडल्यावर ते सोपे राहिले नाही. दीर्घ वादानंतर १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला.

पुढील पाऊल न्यायालयाने उचलले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय दिला, की पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना मिळाले पाहिजे. चित्रपटगृहे, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्यावरही त्या निर्णयाने काही कर्तव्य सोपविले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजवावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवीला अनिवार्य झाला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या एरच भरुचा यांनी लिहिले. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक. गेडिस यांच्यानंतर पुन्हा एकदा या विद्येने आपला लेखक दुसऱ्याच शाखेतून शोधला होता.

मात्र जो विषय सर्वांचा, तो कोणाचाच नाही, असे होण्याचा धोका येथेच आहे. केवळ उत्तीर्ण होण्यापुरते वाचावयाचे एक पुस्तक, एवढेच त्याचे स्वरूप उरले, तर अनिवार्यतेने साधले काय? म्हणून सर्वांसाठी थोडे आणि काहींसाठी सखोल, अशा दोन्ही वाटा हव्यात; आणि सखोल वाटेने जाणाऱ्याला शेजारच्या शाखेची भाषा समजली पाहिजे. आजचा पदवीधर उद्या एखाद्या खात्यात अधिकारी होतो. तेथे नदीचे पाणी पाटबंधारे खात्याच्या फाईलीत असते, तिच्या काठचे झाड वनखात्याच्या, तिच्यात सुटणारे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि ते पिऊन आजारी पडणारे मूल आरोग्यखात्याच्या. चारही फाईली आपापल्या जागी निर्दोष असू शकतात. नदी मात्र एकच असते. आणि ती एक आहे हे फाईलीवर सही करणाऱ्याच्या ध्यानी यावे, असे शिक्षण त्याला विद्यापीठातच मिळावयास हवे.