एसीतला गॅस खरंच ‘संपतो’ का? घरच्या एसीची काळजी अशी घ्या

मार्च लागला की थंडीभर बंद असलेले एसी पुन्हा सुरू होतात आणि अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते: एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक येतो, ‘गॅस संपलाय’ म्हणतो आणि काही हजारांचं बिल होतं. मात्र एसीतला गॅस सिलिंडरमधल्या गॅससारखा वापरून संपत नाही. कित्येकदा खरा दोष धुळीने भरलेल्या फिल्टरचा असतो आणि तो घरच्या घरी धुता येतो.

एसी नेमकं काय करतो?

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये थंड कॉइल असते. खोलीतली हवा तिच्यावरून जाताना गार होते आणि हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन ड्रेन पाइपमधून बाहेर पडतं. कॉइलमधला गॅस ही उष्णता घेऊन आउटडोअर युनिटकडे जातो. तिथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पंखा उष्णता बाहेर फेकतो आणि गॅस पुन्हा आत येतो.

म्हणजे दोन्हीकडे हवा मोकळी खेळणं महत्त्वाचं. आत फिल्टर तुंबला किंवा बाहेर जाळी धुळीने बुजली, तर एसी जास्त वेळ चालतो, वीज जास्त खातो आणि तरी गारवा कमीच मिळतो.

मग गॅस कमी का होतो?

गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा निघून जाणार आणि पैसे वाया जाणार. गॅस भरायची वेळ आलीच, तर मेकॅनिकला तीन गोष्टी विचाराव्यात:

- गळती कुठे आहे आणि ती दुरुस्त केली का?
- गॅस भरण्याआधी नळ्यांमधली हवा व्हॅक्यूम पंपाने काढली का?
- गॅस वजन करून भरला का? गॅसचा प्रकार आणि वजन युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं.

घरी काय करता येतं?

*फिल्टर धुणं:* एसीचा रोज वापर असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी. रस्त्यालगतचं घर असेल किंवा जवळ बांधकाम सुरू असेल तर त्याहून लवकर. आधी एसीचा एमसीबी बंद करावा. पुढचं झाकण उघडून जाळ्या काढाव्यात, नळाच्या साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण सुकवूनच परत बसवाव्यात. कडक उन्हात किंवा गरम पाण्यात प्लास्टिक वाकडं होऊ शकतं.

*ड्रेन पाइप पाहणं:* इनडोअर युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळत असेल तर बहुतेक वेळा पाइपमध्ये शेवाळ किंवा धूळ अडकलेली असते. पाइपचं बाहेरचं टोक पाण्यात बुडालेलं किंवा वर वळलेलं नाही ना, हेही बघावं.

*आउटडोअर युनिटभोवती जागा:* शहरात कबुतरं तिथे हमखास घरटं करतात. त्यामागे सामान किंवा पत्रा ठेवला तरी गरम हवा कोंडते. युनिट गच्चीत किंवा बाल्कनीत असेल तरच, वीज बंद करून, आजूबाजूचा कचरा काढावा.

हे मात्र करू नये

- खिडकीबाहेर वाकून किंवा सज्जावर उतरून आउटडोअर युनिट साफ करू नये. तोल गेला तर जीव जाऊ शकतो.
- आउटडोअर युनिट उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ विद्युतभार राहू शकतो.
- नव्या एसींमध्ये आर-३२ किंवा आर-२९० हे गॅस असतात. दोन्ही पेट घेऊ शकतात, त्यातही आर-२९० म्हणजे प्रोपेन. गळतीचा संशय आला तर काडी पेटवू नये, खिडक्या उघडाव्यात आणि प्रशिक्षित माणसालाच बोलवावं.

लक्षणांवरून अंदाज

- *हवेचा झोत कमी:* आधी फिल्टर पाहावा.
- *कॉइलवर बर्फ:* फिल्टर तुंबलेला असेल किंवा गॅस कमी असेल. एसी बंद करून बर्फ वितळू द्यावा, टोकदार वस्तूने खरवडू नये.
- *कुबट वास:* कॉइलवर ओल आणि बुरशी. सर्व्हिसिंग करून घ्यावं.
- *जळका वास किंवा एमसीबी वारंवार पडणं:* एसी लगेच बंद करून तज्ज्ञाला बोलवावं.

सर्व्हिसिंग कधी?

वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू होण्याआधी, कॉइल आणि ब्लोअरची पूर्ण सफाई करून घ्यावी. वापर जास्त असेल तर दोनदा. मुंबई, कोकण, गोवा अशा किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे आउटडोअर युनिट आणि कॉइल लवकर गंजते, म्हणून तिथे तपासणी चुकवू नये. पावसाळ्यात किंवा थंडीत एसी बराच काळ बंद ठेवायचा असेल, तर आधी तासभर फक्त पंखा मोडवर चालवून आतली ओल सुकवावी.

बिल कमी कसं होईल?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंश वाढवून ठेवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून भारतात स्टार लेबल असलेले घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतील असे बनवले जातात. १८ अंश लावल्याने खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. त्याने एसी फक्त जास्त वेळ पूर्ण जोर लावतो. २४ ते २६ अंश, सोबत हळू फिरणारा पंखा, दुपारी ओढलेले पडदे आणि स्वच्छ फिल्टर, एवढ्याने बहुतेक घरांचं काम भागतं.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘गॅस संपलाय’ म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच: गळती कुठे आहे?