मुंबईची एकोणचाळीस मिनिटं

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे अंशाला चार मिनिटं. जगभरच्या टाइम झोनचा सगळा कारभार एवढ्याशा गणितावर चालतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेदहा अंशांवर. म्हणून मुंबईची खरी मध्यान्ह होते तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२, फेब्रुवारीत १२.५३.

ही ३९ मिनिटं मुंबईने दीर्घकाळ सोडली नाहीत. त्याला नुसता हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल.

आगगाडी येईपर्यंत प्रत्येक शहराची वेळ आपापली होती. कलकत्ता मुंबईच्या तासाभराहून थोडं पुढे, मद्रास दोघांच्या मधोमध. मद्रासला वेधशाळाही होती, म्हणून रेल्वेने तिथली वेळ उचलली. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याचं कॉलेज यांच्याच नावाचं) यांनी १८८१ मध्ये तीच वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांवर लादली. शहराने ती मानली नाही. दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

पुढे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिचचा रेखांश शून्य ठरला आणि १ जानेवारी १९०६ पासून भारताची घड्याळं ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे लागली. त्याच महिन्यात जेकब ससून मिलचे हजारो कामगार काम टाकून दाराशी जमले. त्यांची तक्रार अगदी रोकडी होती. नव्या वेळेने सहाचा भोंगा म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पहाटेचे ५.२१, थंडीत चाळीतून निघायचं ते मिट्ट काळोखात. कागदावर फक्त काटे सरकत होते, झोप मात्र मजुराची कापली जात होती. त्यात वंगभंगाचा संताप ताजा, त्यामुळे सरकारी वेळ परक्यांची आणि मुंबई टाइम आपला, अशी सरळ वाटणी झाली. महापालिकेनेही आपली घड्याळं जुन्या वेळेवरच ठेवली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकला.

काही अग्याऱ्यांत तो आजही पाळतात. पारशी धर्मात दिवसाचे पाच गेह, म्हणजे प्रहर, सूर्यावरून ठरतात. सकाळचा हावन गेह मध्यान्हीला संपतो, मुंबईत १२.३९ च्या सुमारास.